बाबा, इथेही उघाड्या आहेत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एका सुरात विचारलंत, "सुट्टीत पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही, त्या डंकर्कला काय आहे?" मी सांगायला लागले तोवर ओवीने फोन पळवला आणि पुढचा सगळा वेळ वाळूतल्या शिंपल्यांवर गेला. म्हणून हे पत्र. बाबा, मधली पानं गाळू नका, तुमच्या खात्याचा, म्हणजे बांध आणि भरतीच्या पाण्याच्या दारांचा (उघाड्यांचा) मजकूर मध्येच आहे.

डंकर्क फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या हद्दीला खेटून आहे. ब्रुसेल्सहून गाडीने साधारण दोन तास. हा सगळा पट्टा मूळचा फ्लँडर्सचा. लढाया आणि तह होत होत तुकड्यातुकड्याने फ्रान्सकडे आला. डंकर्क तर १६५८ मध्ये एकाच दिवसात स्पॅनिशांकडून फ्रेंचांकडे आणि फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलं, आणि चार वर्षांनी इंग्लंडच्या राजाने ते चक्क फ्रान्सला विकून टाकलं. गावांची नावं मात्र अजून फ्लेमिशच आहेत. घरं विटांची, खाणावळींच्या दारावर पिवळा झेंडा आणि त्यावर काळा सिंह. भाषा तेवढी म्हाताऱ्यांपुरती उरली. शाळेत फ्लेमिश बोलायची बंदी होती, मग आईबापांनीही मुलांशी बोलणं सोडलं. आता काही शाळांतून ती पुन्हा शिकवायला लागलेत. उशीर झालाय असं मला वाटतं, पण तरी बरंच म्हणायचं.

आई, तुझा पहिला प्रश्न हवेचा असणार. जून संपत आला होता, तरी दुपारी जेमतेम एकोणीस-वीस डिग्री. ऊन स्वच्छ, पण वारा थांबायचं नाव घेत नाही. मालो-ले-बाँ ही डंकर्कची चौपाटी. तिथे बायका स्वेटर घालून आइस्क्रीम खात बसलेल्या असतात. समुद्र आपल्यासारखाच गढूळ आहे, निळ्याशार पाण्याची आशा धरू नकोस. ओहोटीला तो इतका आत जातो की वाळूचं मैदानच होतं, आणि त्यावर शिडाच्या तीनचाकी गाड्या वाऱ्यावर सुसाट पळतात. अभिजितला एक चालवून बघायची होती. मी नाही म्हटलं.

आता बाबा, तुमचं.

कॅले, डंकर्क आणि सेंत-ओमेर या तीन गावांमधली सुमारे एक लाख हेक्टर जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणजे आपला खारेपाटच, फक्त अवाढव्य. बाराव्या शतकापासून इथले लोक चर खणून, बांध घालून ती कोरडी ठेवत आलेत. त्या व्यवस्थेला ‘वातरँग’ म्हणतात. जमीनमालकांची मंडळं आहेत, त्यांनी वर्गणी भरायची आणि आपापल्या भागातले चर साफ ठेवायचे. तुम्ही पेणला सांगायचात ना, गावाने मिळून बांध राखायचे ते दिवस चांगले होते, सरकारने घेतले आणि कुणाचेच राहिले नाहीत? इथे मंडळं अजून चालू आहेत. भांडणंही असतात म्हणे, चर कुणाचा आणि गाळ कुणी काढायचा यावरून. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पावसाचं पाणी चरांतून कालव्यात येतं, कालवा समुद्राच्या तोंडाशी. ओहोटी लागली की दारं उघडायची, पाणी आपोआप उतरतं. भरतीला दारं बंद. तुमची उघाडी, दुसरं काय! आपल्याकडे लाकडी झडप पाण्याच्या रेट्यानेच उघडते-मिटते, इथे यंत्रं आहेत आणि पाऊस फार झाला की जोडीला पंप लावतात, एवढाच फरक. आम्ही एक दार उघडलेलं बघितलं. खालून तपकिरी, फेसाळ पाणी जोरात सुटलं होतं आणि त्याच्या तोंडाशी समुद्रपक्षी रांग लावून बसले होते, पाण्याबरोबर येणाऱ्या माशांवर डोळा ठेवून. शेजारी एक आजोबा गळ टाकून. त्यांना मी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, की माझे वडील भारतात हेच काम करायचे. त्यांनी गळ खाली ठेवला आणि विचारलं, "तिकडे भरतीला पाणी किती चढतं?" मला आकडा सांगता येईना. हातानेच दाखवलं. तुम्ही असतात तर संध्याकाळपर्यंत तिथून हलला नसतात.

सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात आणि लगेच २०२४ च्या जानेवारीत सेंत-ओमेरच्या बाजूला एवढा पाऊस झाला की चर, दारं, पंप सगळं अपुरं पडलं आणि घरांत पाणी शिरलं. वरून पाणी, समोरून समुद्र. हे दुखणं तुम्हाला वेगळं समजवायला नको.

या पट्ट्यातला सगळ्यांत खोल भाग म्हणजे ले म्वेर, समुद्रसपाटीच्याही खाली. पूर्वी तिथे खाऱ्या पाण्याचं तळं होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अँटवर्पच्या कोबर्गर नावाच्या माणसाने भोवती गोल कालवा खणला, पवनचक्क्या लावून पाणी उपसलं आणि शेती उभी केली. १६४६ मध्ये डंकर्कला शत्रूचा वेढा पडणार म्हणून स्पॅनिशांनी दारं उघडून ती सगळी बुडवली. पुढे शंभर वर्षं नुसती दलदल. १९४० मध्ये जर्मनांना अडवायला फ्रेंचांनी पुन्हा बुडवली आणि १९४४ मध्ये जर्मनांनी, तेही समुद्राच्या पाण्याने. खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढची किती वर्षं पीक धरत नाही हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आज तिथे गहू, बीट, बटाटे आहेत. रस्त्यावरून बघितलं तर कालवा शेतापेक्षा उंचावर दिसतो, ओवीला ते काही केल्या पटेना.

याच कोबर्गरचं दुसरं काम बेर्ग गावात आहे. गरिबांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला गहाणावर कमी व्याजाने कर्ज देणारी पेढी. इमारत देखणी आहे, आता तिथे संग्रहालय भरतं. दलदल उपसणारा आणि सावकारीलाही बांध घालणारा एकच माणूस! बेर्ग हे तटबंदीतलं छोटंसं गाव आहे, डंकर्कहून जवळच. मधोमध ५४ मीटर उंच घंटामनोरा. जुना मनोरा १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी सुरुंग लावून पाडला, हा नंतर बांधलेला. फ्लेमिश गावांत देवळाइतकाच या मनोऱ्याचा मान. तो गावकीचा असतो, राजाचा नाही आणि पाद्र्याचाही नाही. डंकर्कच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, शेवटच्या थोड्या पायऱ्या तेवढ्या चढाव्या लागतात. गुडघ्याचं बघू.

डंकर्कच्या चौकात ज्याँ बारचा पुतळा आहे. १६५० साली इथेच जन्मला, घरची भाषा फ्लेमिश, आणि फ्रान्सच्या राजाच्या परवान्यावर शत्रूची जहाजं लुटायचा. १६९४ मध्ये डचांनी पकडलेला धान्याचा काफिला सोडवून आणला तेव्हा फ्रान्समध्ये भाव उतरले आणि राजाने त्याला सरदारकी दिली. आपले कान्होजी आंग्रे त्याच काळातले. अलिबागच्या माणसाला या पुतळ्यासमोर फार काही समजवावं लागणार नाही. इंग्रजांनी दोघांनाही चाचेच म्हटलं.

आणि १९४०. दुसऱ्या महायुद्धात मे अखेरीला जर्मनांनी घेरल्यामुळे इथे अडकलेल्या ३,३८,२२६ सैनिकांना जहाजांतून इंग्लंडला नेलं, २६ मे ते ४ जून. आम्हाला वाटायचं सगळे चौपाटीवरून गेले, पण दोन तृतीयांशाहून जास्त बंदराच्या धक्क्यावरून चढले. त्यात आपलेही होते. खेचरांच्या तुकड्या घेऊन शिपाई डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून निघाले होते, बहुतेक पंजाबी मुसलमान. इथून निघताना खेचरं मागे ठेवावी लागली. चौपाटीने पुढे गेलं की झ्युइदकोत गावाच्या वाळूत ओहोटीला ‘क्रेस्टेड ईगल’ या बोटीचा गंजका सांगाडा उघडा पडतो. २९ मे रोजी बाँब पडून तिच्यावरची शेकडो माणसं गेली. मुलं तिथे खेळत असतात. आम्ही ओवीला लांबच ठेवलं.

आई, खाण्याचं. तळलेले बटाटे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, पण बरेच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा आधी विचारायचं. ‘कार्बोनाड’ म्हणजे बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस, तेही आपल्या कामाचं नाही. पण मासळीला तोटा नाही. उथळ पाण्यात जाळं पुढे ढकलत माणसं राखाडी कोलंबी धरतात, आपल्या करंदीएवढीच. उकडून सोलायची आणि नुसती खायची, फार तर लोणी-पाव. मीठ सोडून काही नाही. तू असतीस तर कांदा-कोकम शोधत फिरली असतीस. गोडात ‘वेर्ज्वाझ’ नावाची बिटाची तपकिरी साखर घालून वाफल करतात, ती तुला नक्की आवडेल. ओवीने तर सुट्टीभर दुसरं काही मागितलंच नाही.

बाबा खर्चाचं विचारतील. २०१८ पासून डंकर्कमधल्या सगळ्या बस फुकट आहेत, रोज, सगळ्यांना, परगावच्यांनाही. तिकीट नाही, कार्ड नाही, चढायचं आणि बसायचं. बेर्गलाही तीच बस जाते.

तर माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघं या. सहलवाल्यांबरोबर सात देश धावत बघायला नाही, इथे एका घरात आठ-दहा दिवस राहायला. चढ नाहीत, गर्दी नाही, उकाडा नाही. आईला दम लागणार नाही आणि बाबांना दिवसभर पाणी बघत बसता येईल. "कशाला तुमच्या डोक्याला ताप" हे वाक्य या वेळी चालणार नाही. तिकिटांचं अभिजित बघतोय.

व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा लागतो. आईचा ठीक आहे, मी बघितलाय. बाबा, तुमचा कपाटातल्या निळ्या फायलीत असेल. त्यावरची तारीख फोटो काढून पाठवा, नूतनीकरणाला टाकायचा असेल तर गणपतीआधीच टाकू, नंतर तुम्ही कुणालाच सापडणार नाही.

तुमची,
मुग्धा