मनू, प्रत्येक बंदरात उतरायलाच हवं असं नाही

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

हवाई बेटांच्या जहाजसहलीची तुझी एक्सेल शीट नीट वाचली. वरच्या ओळीत लिहिलंयस, ‘लग्नानंतर फक्त आराम’, आणि खाली सातही दिवस पहाटे पावणेतीनपासून रात्रीपर्यंत रंगवलेले चौकोन! आई म्हणाली, ही हनिमूनला चालली आहे की ऑडिटला?

तुझी चूक थोडी, मार्गाचीच जास्त. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यामुळे परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांची प्रवासी फेरी करता येत नाही, मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून होनोलुलूहून निघून आठवडाभर फक्त हवाईची बेटं फिरणारं मोठं जहाज एकच, अमेरिकी झेंड्याचं ‘प्राइड ऑफ अमेरिका’. बेटं एकमेकांना लागून, त्यामुळे ते रात्री चालतं आणि सकाळी धक्क्याला लागतं. अख्खा दिवस समुद्रात असा एकही नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून जाणाऱ्या जहाजांवर जाता-येता चार-पाच दिवस नुसतं पाणी असतं, पण ती परतताना मेक्सिकोतलं एन्सेनादा घेतात. शिवाय दोन आठवड्यांची रजा लागेल, तेव्हा ते राहू दे.

जहाज समुद्राचा दिवस देत नसेल, तर आपण तो काढायचा. सगळे उतरून गेले की जहाज रिकामं होतं. पोहण्याचा तलाव, खुर्च्या, जेवणाची जागा, कुठेच रांग नाही. पैसे भरले की प्रत्येक बंदर ‘वसूल’ करायचं हे खूळ आधी डोक्यातून काढ.

लग्नानंतर आईला मी जहाजावर घेऊन गेलो होतो, ठाऊक आहे ना? तेव्हा मी सेकंड इंजिनिअर. बंदर आलं की मी इंजिनरूममध्ये. तेल भरून घ्या, सुटे भाग उतरवून घ्या, तपासनीस आले त्यांच्यामागे फिरा. ती बिचारी केबिनच्या खिडकीतून क्रेन मोजत बसायची. बंदर सुटलं की खरी आमची ओळख व्हायला लागायची. संध्याकाळी डेकवर दोन खुर्च्या टाकून तासन्‌तास बोलत बसायचो. गावं पाहिली थोडीच, पण त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. (तिला विचारू नकोस, वेगळं सांगेल.)

आता तुझे चौकोन. माउई बेटावर, म्हणजे काहुलुई बंदरात, जहाज रात्रभर थांबतं. तू रविवारी सकाळी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात बुडी, आणि सोमवारी पहाटे हालेआकाला ज्वालामुखीच्या शिखरावरून सूर्योदय ठेवलायस. शिखर ३,०५५ मीटर उंच. बुडी मारल्यानंतर निदान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस, उंचावर जाऊ नये, हे तिथला कुठलाही डायव्हिंगवाला सांगेल. स्कूबा काढून टाक आणि रविवारी सूर्यास्ताला वर जा. सूर्योदयासाठी गाडीचं आगाऊ आरक्षण लागतं, सूर्यास्ताला लागत नाही. जहाज रात्री तिथेच असल्यामुळे परतायची धावपळही नाही. स्वेटर मात्र घ्या, वर हाडं गोठतात. सोमवारी हाना गावाचा रस्ता लिहिलायस, तो खोडच. सहाशेच्या वर वळणं आहेत, आणि आंबोली घाटात तुझं काय होतं ते मी पाहिलंय. त्याऐवजी दहापर्यंत झोपा आणि दुर्बीण घेऊन डेकवर बसा. फेब्रुवारीत अलास्काकडून आलेले हंपबॅक देवमासे तिथे असतात.

हिलो बंदरात मात्र उतरा. किलाउएया ज्वालामुखीचं उद्यान तासाभराच्या आत आहे आणि ते चुकवण्यासारखं नाही. पाऊस आपल्या कोकणाएवढाच, फक्त तो बारा महिने वाटून पडतो. रेनकोट हवाच.

कोना बंदरात मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेरच उभं राहतं. लहान बोटीने, टेंडरने, किनारा गाठावा लागतो. सकाळी त्या बोटींना झुंबड, आणि हिवाळ्यात लाटा मोठ्या असल्या तर कधी कधी उतरणंच रद्द. हाच तुमचा समुद्राचा दिवस. वाटलंच तर दुपारी जाऊन कोनाची कॉफी पिऊन या. शेवटच्या टेंडरची वेळ मात्र पाठ करा. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतं, तुम्ही आपल्या पायांनी भटकत असाल तर नाही.

काउआई बेटावर नाविलिविलीच्या धक्क्यापासून कालापाकीची चौपाटी चालत गाठता येते. गुरुवारी तेवढंच पुरे. शुक्रवारी दुपारी जहाज सुटून ‘ना पाली’ नावाच्या किनाऱ्याचे कडे दाखवायला नेतं. हजार मीटरहून उंच हिरवे कडे सरळ पाण्यात उतरलेले. त्या वेळी जेवायच्या टेबलावर बसू नका.

केबिनबद्दल. मधली आणि खालच्या डेकवरची घे, हेलकावे कमी. पुढच्या टोकाची खालची नको. रोज सकाळी धक्क्याला लागताना बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं नाक बाजूला ढकलणारा पंखा, सुरू होतो आणि तो गजराची वाट पाहत नाही. केबिनच्या वर काय आहे तेही बघ. स्वयंपाकघर किंवा नाचाचा हॉल असेल तर नको.

सनस्क्रीन इथून नेऊ नकोस. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेटवाल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत २०२१ पासून बंदी आहे, प्रवाळासाठी. तिथेच घे.

जावईबापूंना माझा सल्ला वाचून दाखव, म्हणजे मला वाईटपणा नको. केबिनचा नंबर मिळाला की पैसे भरण्याआधी कळव, डेक प्लॅन काढून बघतो.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते, होनोलुलूला एक दिवस आधी पोहोचा. विमान चुकलं तर जहाज सोमवारपर्यंत माउईला आहे, तिथे गाठता येईल असं मी म्हणालो, तर म्हणाली, तुमचं बंद करा.