चौपाटीवर पाण्याचा अहवालही लावा

संपादक महोदय,

गणेशोत्सव तोंडावर आला आहे. गिरगाव, दादर, जुहू, वेसावे येथे जीवरक्षक, तराफे, प्रकाशझोत, निर्माल्य कलश अशी जय्यत तयारी पालिका दरवर्षी करते आणि ती बऱ्यापैकी चोख असते, हे मान्य करायला हवे. भरती कधी, खोल पाण्यात का जाऊ नये, हे सांगणारे फलकही लागतात. पण ज्या पाण्यात कमरेइतके उतरून हजारो माणसे बाप्पाला निरोप देणार, ते पाणी कसे आहे हे सांगणारा एकही फलक निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

पाणी कोणी तपासत नाही असे मुळीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार, ज्या समुद्रात माणसांनी पोहावे त्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंचे प्रमाण १०० च्या आत असायला हवे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मुंबईच्या चौपाट्यांवरचे नमुने नियमित घेते. त्यात हे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त, अनेकदा कित्येक पट जास्त निघाल्याच्या बातम्या आपणच वर्षानुवर्षे छापत आला आहात. हे आकडे संकेतस्थळावरच्या तक्त्यांत पडून राहतात. लेकराला कडेवर घेऊन लाटांत उभ्या असलेल्या आईने ते तिथून शोधून काढावेत, अशी अपेक्षा आहे काय?

यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘समुद्र एवढा मोठा, खारे पाणी, काही होत नाही’. त्यात अर्धे तथ्य आहे. ऊन आणि क्षार यांनी कोलिफॉर्म मरतात हे मी स्वतःच शाळेत शिकवीत असे. पण भाद्रपदात ऊन असते कुठे? आभाळ भरलेले, पाणी मातकट, सूर्यकिरण वीतभरही आत जात नाहीत. शिवाय एंटेरोकोकाय नावाचे जिवाणू खाऱ्या पाण्यात कोलिफॉर्मपेक्षा जास्त टिकतात. म्हणून युरोप-अमेरिकेत समुद्राची परीक्षा करताना तेही मोजतात. आपल्या निकषात ते नाहीत. खरे तर हे जिवाणू म्हणजे मैल्याचा माग. ते सापडले की त्यांच्यासोबत जुलाब, उलट्या, कानाचे-डोळ्यांचे आणि त्वचेचे विकार घडवणारे जंतूही असण्याची शक्यता धरावी लागते. लहान मुले तर लाटेसरशी पाणी गिळतातच.

हा मैला येतो कुठून? वरळी आणि वांद्र्याचे सांडपाणी प्राथमिक प्रक्रियेनंतर सुमारे साडेतीन किलोमीटर आत समुद्रात सोडले जाते, त्यामुळे बोट लगेच तिकडे दाखवले जाते. मला मात्र जास्त भीती किनाऱ्यालगतच सुटणाऱ्या नाल्यांची वाटते. पावसाचे पाणी आणि मैला यांच्या वाहिन्या मुंबईत वेगळ्या आहेत, पण कागदावर. ज्या वस्त्यांना मलवाहिनीच दिलेली नाही, त्यांचे सांडपाणी नाल्यात जाणार नाही तर कुठे जाणार? (दोष त्या वस्त्यांना देऊन मोकळे होणाऱ्यांनी आधी वाहिनी टाकून दाखवावी.) मार्च-एप्रिलमध्ये जुहूजवळच्या इर्ला नाल्याकाठी जाऊन उभे राहावे. पाऊस संपून सहा महिने झालेले असतात, तरी नाला वाहतच असतो. मग ते पाणी सांडपाण्याशिवाय कशाचे?

वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर या सात ठिकाणी मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेच्या नव्या मलप्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. ती पूर्ण व्हावीत, चांगली चालावीत. पण नाल्यातून येणारे पाणी त्या केंद्रांपर्यंत वळवलेच नाही, तर चौपाटीला त्यांचा उपयोग किती? उन्हाळ्यातला नाल्याचा प्रवाह अडवून मलवाहिनीत सोडणे हे काम त्या प्रकल्पाची वाट न बघता हाती घेता येईल.

तोवर निदान माहिती तरी द्या. लॉस एंजेलिसमध्ये मोठा पाऊस झाला की आरोग्य खाते ७२ तास समुद्रात उतरू नका असे जाहीर करते. जिवाणू वाढवून करायच्या नेहमीच्या चाचणीला साधारण एक दिवस तरी लागतो, म्हणजे हाती येणारा निकाल कालचाच असतो. त्यामुळे पावसावरून असा अंदाज बांधणेच शहाणपणाचे. आपल्याकडे साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी पावसाळ्याआधीच निघते, मग ही सूचना काढायला अडचण कसली? विसर्जन बंद करा असे माझे म्हणणे नाही. शक्य असेल त्यांनी कृत्रिम तलावाचा पर्याय घ्यावा, समुद्रावर जाणाऱ्यांनी मुलांना पाण्याबाहेर ठेवावे, अंगावर जखम असेल तर स्वतःही उतरू नये आणि घरी येताच साबणाने अंघोळ करावी. एवढे चार शब्द फलकावर मावतात.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. भरती-ओहोटीच्या वेळा आपण छापता, त्याखाली प्रत्येक चौपाटीचा ताजा कोलिफॉर्मचा आकडा आणि नमुना घेतल्याची तारीख छापावी. अनंत चतुर्दशीपूर्वी सुरुवात झाली तर उत्तमच.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, विलेपार्ले