मागलो नांगर खंय?

काका,

तुमच्या बिल्ल्यावर तुमचं नाव होतं. पण ते असं चारचौघांत लिहू का, हे तुम्हाला विचारायचं राहिलं, म्हणून नुसतं काका. माझी मुलगी हे पत्र इंग्रजीत करून तुम्हाला पाठवणार आहे. मी मराठीतच लिहितेय, कारण आधी बाबांना वाचून दाखवायचंय. शिवाय आमच्याकडच्या दोन-चार जणांच्याही नजरेस पडलं तर बरंच.

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला, साऊथसीच्या किनाऱ्यावर डी-डेचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं त्या दिवसाचं, संग्रहालय आहे. त्याबाहेर एलसीटी ७०७४ ही रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी जुनी बोट उभी आहे, तिथली ही गोष्ट. येणारा जाणारा आतल्या दोन रणगाड्यांसमोर फोटो काढत होता. बाबांनी रणगाड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. काठी टेकत पार मागच्या बाजूला गेले, वर-खाली न्याहाळलं आणि मला म्हणाले, "मागलो नांगर खंय?"

मला काय कळणार! मी तुम्हाला विचारलं, तेही भीतभीतच. तुम्ही समोरच्या दहा-बारा जणांना माहिती सांगत होतात. तुम्ही थांबलात, बाबांकडे वळलात आणि विचारलंत, "तुम्ही अशा बोटीवर होतात, हो ना?"

काका, हा प्रश्न बाबांना पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता. १९७१च्या युद्धात ते आपल्या नौदलाच्या आयएनएस घडियाल या अशाच रणगाडे उतरवणाऱ्या बोटीवर होते, वय बावीस. गावात एकदा माजी सैनिकांचा सत्कार ठरला, तेव्हा यादी करणाऱ्या गृहस्थांनी विचारलं होतं, "कराचीवर हल्ला करायला गेलेल्या बोटींवर होता का?" नाही म्हटल्यावर, "मग सामान वाहायच्या बोटीवर होय!" शाल मिळाली, नाही असं नाही. पण बाबांनी ती घडी मोडून कधी अंगावर घेतली नाही.

तुम्ही मात्र एक माहितीपत्रक उलटं केलंत, त्याची कोरी बाजू आणि पेन्सिल बाबांच्या हातात दिलीत आणि त्या दहा-बारा जणांना म्हणालात, आता हे सांगतील.

मग बाबांनी नेव्हीतल्या इंग्रजीत सांगितलं. रणगाडे उतरवणारी बोट मुद्दाम वाळूवर चढवायची असते. इतर कप्तान ज्याला आयुष्यभर भितात, तेच हिचं काम. म्हणून बूड सपाट. किनारा जवळ आला की मागचा नांगर पाण्यात सोडायचा, त्याची तार सोडत सोडत पुढे जायचं, तोंड उघडून रणगाडे उतरवायचे, आणि परतताना तीच तार गुंडाळत स्वतःला मागे खेचून घ्यायचं. तो नांगर धरला नाही तर बोट तिथेच, शत्रूसमोर. कागदावर त्यांनी किनारा काढला, त्याच्या अलीकडे वाळूचा बांध, आणि दोन्हींच्या मध्ये पेन्सिल दाबून दाबून खोल पाणी. कॉक्स बाजार, आताच्या बांगलादेशातला किनारा, डिसेंबर १९७१. पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडे पळायची वाट अडवायला गुरख्यांना तिथे उतरवायचं होतं. बोट बांधावर टेकली, पुढे पाणी उथळ असेल असं वाटलं, आणि पहिले उतरलेले जवान पाठीवरच्या ओझ्यासकट बुडाले. बाबा इथवर आले की घरी नेहमी गप्प होतात. तुमच्यासमोरही झाले. तुम्ही ती शांतता भरून काढायची घाई केली नाहीत.

नंतर तुम्ही तुमच्या बोटीचं सांगितलंत. ७ जून १९४४च्या पहाटे नॉर्मंडीतल्या गोल्ड बीच या किनाऱ्यावर १० रणगाडे उतरवले, कप्तान जॉन बॅगट अवघा २० वर्षांचा. बाबांनी हे आकडे तुमच्याकडून दोनदा वदवून घेतले. नॉर्मंडीला अशा ८००हून जास्त बोटी गेल्या आणि त्यांतली ही एवढीच उरली, तीही युद्धानंतर लिव्हरपूलला नाइटक्लब होऊन, मग बर्कनहेडच्या गोदीत बुडून, २०१४ला वर काढलेली. नाइटक्लब म्हटल्यावर बाबा जे हसले, तसे ते आई गेल्यापासून हसले नव्हते. "म्हणजे हिलाही कुणी विचारत नव्हतं," म्हणाले.

पण मला आभार मानायचेत ते त्या कागदाचे. बाबांनी तो परत दिला तेव्हा तुम्ही त्यांना त्यावर बोटीचं नाव त्यांच्या लिपीत लिहायला सांगितलंत. त्यांनी 'घडियाल' लिहिलं, हात थरथरला म्हणून 'ल' जरा वाकडा आला. तुम्ही त्या कागदाची नीट चौकोनी घडी घातलीत. कोटाच्या बाहेरच्या खिशात माहितीपत्रकांचा गठ्ठा होता, त्यात नाही ठेवलात. कोट उघडून आतल्या खिशात ठेवलात, चष्म्याच्या घरापाशी. बाबांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

माणूस चांगला असायला फार काही लागत नाही, असं आई म्हणायची. मला तेव्हा ते बोलण्यापुरतं वाटायचं.

आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा तुमच्याकडे पुढची माणसं आली होती. रणगाड्यांकडे निघालेल्या एका मुलाला तुम्ही थांबवलंत आणि विचारलंत, "आधी सांग, या बोटीचा मागचा नांगर कुठे असेल?" बाबा दारातच थबकले. बस चुकली. पुढची चाळीस मिनिटांनी होती, आणि तेवढा वेळ ते एकदाही कुरकुरले नाहीत.

तुमची,
एका खलाशाची मुलगी