पर्यवेक्षक मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

वाचा-भाषा उपचाराच्या पदव्युत्तर वर्गाकडून पहिले आभार तुमच्या लाल पेनाचे. आराखड्यात ‘क सुधारणे’ एवढंच लिहिलेलं दिसलं की तुम्ही ते खोडता आणि नीट लिहून घेता: शब्दाच्या सुरुवातीचा क, चित्र पाहून, मदत न घेता, २० पैकी १६ वेळा, सलग दोन बैठकांत. ‘कापूस’ला ‘तापूस’ म्हणणारं लेकरू कुठवर आलं, हे त्यावरून कळतं. ‘आता बरं बोलायलंय’ या शेऱ्यावरून पुढच्या विद्यार्थ्यानं काय समजावं?

टाळूच्या फटीचं ऑपरेशन झालेल्या मुलांची, बोलताना हवा नाकातून गळते का हे पाहणारी आरशाची तपासणीही तुमच्यामुळेच पक्की झाली. नाकाखाली गार आरसा धरून ‘मामा’, ‘नाना’ म्हणवून घेतलं तर वाफ धरणारच. म आणि न म्हणताना हवा नाकातून जातेच. म्हणून ‘पापा’, ‘टोपी’, ‘काका’ म्हणवून घ्यायचं, त्यात हवा नाकातून यायला नको. आरसा बोलणं सुरू झाल्यावर लावायचा आणि संपायच्या आत काढायचा, नाहीतर साध्या श्वासाचीच वाफ धरते. फुगे-शिट्ट्यांचा खेळ तुम्ही बंद केलात तेव्हा काही पालक नाराज झाले. पण फुंकताना टाळू हलला म्हणजे बोलताना तसाच हलेल, असं नाही.

‘पाणी’ला ‘पानी’ म्हटल्याबरोबर चूक मांडायची नाही, आधी आजीला बोलतं करायचं. घरातली सगळीच तसं म्हणत असतील तर उपचार कशाचा करणार? घरात दखनी किंवा गोरमाटी (बंजारा बोली) असेल तर तपासणी त्याच भाषेत, लागेल तर दुभाषा घेऊन.

खरं ऋण ऊसतोडीच्या लेकरांबाबतचं. बीडकडचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत फिरकत नाहीत. पुस्तकातला ‘आठवड्याला दोन बैठका’ हा हिशोब तिथं कोलमडतो. बैठका पावसाळ्यातच दाट ठेवा, हे तुम्ही सांगितलंत. जाताना पाचच शब्द द्यायचे, तेही लेकराला आधीच नीट येणारे. न जमणारा आवाज घरी दिला तर चुकीचाच उच्चार पक्का होतो. आईच्या मोबाईलमध्ये तेच शब्द रेकॉर्ड करून द्यायचे, कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं.

यंदाच्या प्रत्येक फाईलवर दसऱ्याची तारीख सगळ्यात वर टाकली आहे. एकदा नजरेखालून घालावी.

आपले,
पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी
छत्रपती संभाजीनगर