मास्तर, काय बंद ठेवायचं ते शिकवलंत

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

अरेंजर कीबोर्डमध्ये (डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे सुरांचा गट, धरला की पूर्ण साथ स्वतः वाजवणारा कीबोर्ड) काय काय आहे, हे सांगायला दुकानापासून यूट्यूबपर्यंत सगळे तयार असतात. त्यातलं स्टेजवर काय बंद ठेवायचं, हे सांगली-मिरजेकडच्या आम्हा वादकांना तुम्ही सांगितलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

शेजारी ढोलकीवाला बसलेला असताना मशीनही ढोलकी वाजवत असेल, तर दोन्ही थापा एकमेकींवर पडून ठेका गढूळ होतो. यामाहाच्या स्टाइलमध्ये, म्हणजे मशीनमधल्या तयार साथीत, आठ पार्ट असतात: रिदम 1, रिदम 2, बेस, कॉर्ड 1, कॉर्ड 2, पॅड, फ्रेज 1, फ्रेज 2. आदल्या दिवशी एकेक पार्ट एकटा चालू करून ऐकायचा, तबला-ढोलक कशात भरलाय ते शोधून तो म्यूट करायचा. बेस गिटार असेल तर बेस बंद. फ्रेजचे तुकडे, म्हणजे छोट्या सुरावटी, गायकाच्या ओळीवर चढतात, म्हणून अंतऱ्यात दोन्ही बंद. हे सगळं रजिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे एका बटणावर साठवलेल्या सेटिंगमध्ये, सेव्ह करायचं, कारण चालू गाण्यात स्क्रीनवर बोट शोधत बसायला वेळ नसतो.

याच्या पुढचं तुम्ही सांगितलंत ते फार मोलाचं. लग्गीत, म्हणजे ढोलकीच्या जलद तुकड्यात, माणूस थोडा पुढे धावतो, मशीन धावत नाही. म्हणून लग्गीआधीच स्टाइल थांबवायची, डाव्या हाताने नुसता कॉर्ड धरायचा, उजव्या हाताने स्ट्रिंग्ज भरायच्या. ठेका ढोलकीवाल्याच्या हातात द्यायचा. मुखड्यावर परत येताना त्याच्या लयीत टॅप टेंपोचं बटण, चार मात्रांचा ताल असेल तर, चार वेळा मारायचं, की स्टाइल त्याच लयीत सुरू होते. मशीन चालू राहणार असेल, तर ढोलकीवाल्याच्या मॉनिटरमध्ये (स्टेजवर वादकाला ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये) तिचा ठेका मोठा हवाच. त्याला ऐकू आलं नाही तर तो सांभाळणार कसा?

कॉर्ड पहिल्या मात्रेच्या किंचित आधी बदलायचा. मात्रेवर बदलायला गेलं की जुन्या कॉर्डचा बेस एकदा वाजून जातो आणि समेवर बेसूर लागतो. फिल (दोन भागांमधला ठेक्याचा छोटा तुकडा) उशिरा दाबला तर त्याचं शेपूटच ऐकू येतं. एंडिंग, म्हणजे स्टाइलचा समारोपाचा तुकडा, शेवटच्या बारमध्ये (मात्रांच्या शेवटच्या गटात) दाबायचं, आणि ते वाजत असताना तेच बटण पुन्हा दाबलं की लय उतरत जाऊन गाणं थांबतं.

पट्टीचा घोळ तर आमच्यापैकी बहुतेकांचा तुम्हीच सोडवलात. सगळं पांढरी एकमध्ये (C) बसवलेलं, गायिकेची पट्टी काळी दोन (D#), म्हणून ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वरखाली सरकवणारं सेटिंग, अधिक 3. पुढचं रजिस्ट्रेशन दाबलं की त्यात साठवलेला शून्य परत येतो आणि भर गाण्यात सूर तीन पट्ट्या खाली पडतो. उपाय एकच: फ्रीझमध्ये (रजिस्ट्रेशन बदललं तरी निवडलेलं सेटिंग तसंच ठेवणारी सोय) ट्रान्सपोजवर खूण करून फ्रीझ चालू ठेवणं. साथीला पेटी असेल तर मास्टर ट्यून (पूर्ण कीबोर्डचा सूर बारीक सरकवणारं सेटिंग) पेटीला जुळवायचं. पेटीचे सूर स्टेजवर हलवता येत नाहीत, कीबोर्डचे येतात. मिरजेसारख्या तंतुवाद्यांच्या गावात बसून सुराचा एवढा हट्ट तुम्ही धरलात, हे आम्हाला फार आवडतं.

साउंडवाल्याला एकच लाइन द्यायची असेल तर केबल फक्त लेफ्ट-मोनो जॅकमध्ये. दोन्ही जॅक जोडून मिक्सरवर एकच चॅनेल उघडा असेल तर उजवीकडे पॅन केलेले (वळवलेले) आवाज नाहीसे होतात. मध्ये डीआय बॉक्स (कीबोर्डचा सिग्नल मिक्सरला जुळवणारी डबी), हम (गुणगुण) आला तर त्यावरचा ग्राउंड लिफ्ट (केबलची अर्थची जोडणी तोडणारं बटण). घरच्या स्पीकरवर बरा वाटणारा स्टाइलचा बेस मैदानातल्या सबवर (खर्जाच्या मोठ्या स्पीकरवर) घुमतो आणि शब्द गिळतो. साउंड चेकला तो समोर उतरून ऐकायचा, नि तिथूनच कमी करायचा. बंद हॉलमध्ये रिव्हर्बही (घुमारा) अर्ध्यावर.

आणि जत्रेतला जनरेटर! व्होल्टेज क्षणभर पडलं की कीबोर्ड बंद होऊन पुन्हा चालू होतो, तोवर गायक उघडा पडतो. लहान यूपीएस त्यासाठीच. अ‍ॅडाप्टरच्या वायरीचा एक वेढा स्टँडच्या पायाला घालायचा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी पिन निसटत नाही. तो वेढा कसा घालायचा, हे वाकून स्वतःच्या हाताने दाखवलंत, मास्तर. नवीन पोराच्या कीबोर्डखाली वाकायला तुम्हाला कधी कमीपणा वाटला नाही.

यंदाच्या गणेशोत्सवाआधी तुम्ही हे सगळं लिहून ठेवलेल्या वहीची झेरॉक्स आणखी काही मुलांना हवी आहे. परवानगी द्यावी.

आपले,
सांगली-मिरजेकडचे कीबोर्डवादक