गोणीत हात घालणाऱ्या साहेबांना

साहेब, स. न. वि. वि.

पशुसंवर्धन खात्यातून तुम्ही निवृत्त झालात त्याला वर्षं लोटली. तुमची-माझी ओळख नव्हती. नणंदेनं फोनवर आमची रड सांगितली आणि भर जुलैच्या पावसात, खाडी ओलांडून, तुम्ही गोराईला आमच्या खुराड्यापर्यंत आलात. त्या दिवशी माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही, म्हणून आता लिहिते.

तुमच्याआधीही माणसं येऊन गेली होती. एकानं नाकाला रुमाल लावून दारातूनच ‘साथ आहे’ म्हणून सांगितलं आणि टॉनिकच्या बाटल्या गळ्यात मारल्या. खाद्य विकणाऱ्याकडे कुबट वासाची तक्रार केली, तर म्हणे, पावसाळ्यात एवढं चालायचंच, वाळवा आणि घाला. त्याला गोणी खपवायची होती, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. इकडे कोंबड्या खाद्याला तोंड लावेनात, अंडी आटली, हाताखाली वाढवलेल्या तलंगा एकेक करून माना टाकत होत्या. पण गोणीत कोणी डोकावलं नाही.

तुम्ही आल्या आल्या बाही वर सारलीत आणि गोणीत कोपरापर्यंत हात घातलात. मग म्हणालात, “ताई, तुम्हीपण घाला.” वरचा भरडा कोरडा होता, आत मात्र चक्क कोमट लागत होतं आणि बोटांना गठ्ठे येत होते. बुरशी वाढते तिथे ऊब सुटते, हे तुम्ही नंतर सांगितलंत, माझ्या हाताला ते आधीच कळलं होतं. इतके दिवस सगळे मला ऐकवत होते. तुम्ही मला तपासायला लावलंत. साहेब, मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती त्या एका वाक्याची.

चहा पिताना तुम्ही १९६० सालची इंग्लंडातली गोष्ट सांगितलीत. लाखाच्या वर टर्की पिल्लं मेली, तिथल्या जाणत्यांनाही आधी तो नवाच रोग वाटला, आणि निघालं काय, तर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचं विष. अफ्लाटॉक्सिन. ते थेट कलेजी धरतं, आणि खाद्य वाळवून बुरशी थांबली तरी आत उतरलेलं विष जात नाही. हे ऐकलं आणि ‘वाळवा आणि घाला’ म्हणणाऱ्याचा मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

तुम्ही सांगितलंत तसं केलं: गोण्यांखाली फळ्या आल्या, गोण्या भिंतीपासून सुटल्या, होडीतून येताना ताडपत्री असते, खाद्य थोडं थोडंच आणते. मिठाची बाटलीही चालू आहे: तव्यावर कोरडं केलेलं मीठ आणि मूठभर मका घालून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर मका ओला, परत पाठवायचा. परवा एक गोणी तशीच दुकानदारासमोर परत केली. तो काही बोलला नाही.

तुम्ही ना फी घेतलीत, ना कुठल्या दुकानाचं नाव सुचवलंत. हात धुवायला साबण मागितलात, तेवढाच. अशी माणसं खात्याखात्यांत, गल्लीगल्लीत असतात, त्यांच्या नावाची पाटी कुठे लागत नाही, आणि आमच्यासारख्यांचं घर त्यांच्यावर तगतं.

कोंबड्या पुन्हा अंडी देऊ लागल्या आहेत. आळीतल्या दोघीतिघी तुमचा नंबर मागतात. तुम्हाला विचारल्याशिवाय मी दिलेला नाही. देऊ का, तेवढं कळवा.

तुमची,
गोराईची ताई