दुसऱ्या डोसाची तारीख

खानापूर, जि. बेळगाव

चि. मेघास अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो पाहिले. चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, टिळकवाडीच्या भाड्याच्या घरातली मागची खोली, आणि बाहेर आषाढाचा पाऊस. एकीच्या शेपटाखाली पिसांना पांढरं काहीतरी चिकटलंय, दुसरी शिंकते, आणि काल शिटेत लाल दिसलं. या सगळ्यावर मिळून एकच औषध नाही का, असं विचारलंस. नाही. फोनवर सांगितलेलं प्रमाण माणूस विसरतो, म्हणून कागदावर लिहितोय. फ्रीजवर चिकटवून ठेव.

आल्या आल्या औषधांचा मारा करू नकोस. पाय बांधून, डालग्यात कोंबून आलेली कोंबडी आधीच दमलेली असते. पोटात जंत खच्चून भरले असतील तर एका डोसात मेलेल्या जंतांच्या गुंत्यानं आतडंच तुंबतं, आणि मग लोक म्हणतात औषधानं मेली. दोन दिवस नुसतं स्वच्छ पाणी, मक्याचा भरडा आणि लक्ष. अपवाद एकच, शिटेतलं रक्त. त्याला दोन दिवस थांबायचं नाही, त्याचं खाली लिहिलंय. आणि ज्या बांबूच्या डालग्यातून आणल्यास ते आजच जाळून टाक. बांबूच्या सांध्यांत गोचीड आणि लाल माइट, म्हणजे रक्त पिणारा बारीक किडा, लपून बसतात, आणि कोंबडी नसली तरी महिनोन्महिने उपाशी जगतात.

मग रात्री, दिवे मंद करून, एकेकीला हातात घे. अंधारात कोंबडी फडफडत नाही. आधी वजन: कापडी पिशवीत घालून टांगायच्या काट्याला लाव आणि वहीत लिही. वजनाशिवाय औषधाचं प्रमाण म्हणजे नुसता अंदाज. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरव. दोन्ही बाजूंना मांस लागलं तर ठीक, सुरीच्या पाठीसारखी कडा लागली तर कोंबडी खंगलेली आहे. तुरा आणि तोंडाच्या आतला रंग पाहा. फिकट असेल तर रक्त कुठंतरी जातंय, बाहेर माइट किंवा गोचीड नाहीतर आत जंत.

फोटोतलं पांढरं म्हणजे उवांची अंडी. पिसाच्या बुडाशी भिजलेल्या साबुदाण्यासारखा गोळा होतो तो तोच. शेपटाखालची पिसं फुंकर मारून बाजूला केलीस की गवताच्या रंगाच्या उवा सरसर पळताना दिसतील. या पिसं आणि कातडीचा कोंडा खातात, कोंबडीच्याच अंगावर राहतात आणि माणसाच्या डोक्यात घर करत नाहीत, तेवढी भीती काढून टाक. पर्मेथ्रिनची पावडर जनावरांच्या डॉक्टरांकडून घे. एकीला साधारण एक चमचा पुरते. पंखांखाली, शेपटाखाली आणि मानेच्या बुडाशी पिसं उलटी करून बोटानं कातडीपर्यंत चोळ. तोंडाला, डोळ्याला नको, आणि तुझ्या नाकाला रुमाल बांध. हे पुढच्या अंगणात करू नकोस. मालकीणबाईंचं मांजर तिथं लोळतं आणि पर्मेथ्रिन मांजराला विष आहे.

चारही कोंबड्यांना एकाच दिवशी लाव, उवा दिसोत वा न दिसोत. आणि खरी गोष्ट पुढंच आहे. पावडर चालत्या उवेला मारते, पिसाला चिकटलेल्या अंड्याला नाही. अंडं चार ते सात दिवसांत फुटतं, आणि त्यातून आलेली ऊ अंडी घालायच्या आत मारायची असते. म्हणून दहाव्या दिवशी पुन्हा. बहुतेक लोक पहिल्या डोसानंतर कोंबडी खाजवायची थांबली की खूश होतात आणि महिन्यानं म्हणतात पावडर नकली होती.

लाल माइट मात्र दिवसा अंगावर सापडत नाही. तो फटीत बसतो आणि रात्री येऊन रक्त पितो. दहा वाजता, कोंबड्या बसल्या की, पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूनं घासून आण. लाल रेघ उमटली तर माइट आहे. मग नुसत्या कोंबडीला औषध लावून काही होत नाही, दांडी, पिंजऱ्याचे सांधे, भिंतीच्या भेगा हेच त्याचं घर. कोंबड्या दुसऱ्या खोलीत ने, पिंजरा खरवडून उकळत्या पाण्यानं धू, मग डेल्टामेथ्रिनचा फवारा भेगांत मार. सव्वा टक्क्याचं मिळतं, साधारण लिटरला २ मिली, तरी बाटलीवरचं प्रमाण वाचून घे. पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या परत आणायच्या नाहीत. माइटची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, म्हणून फवाराही आठवड्यानं पुन्हा.

तुझ्या निपाणीच्या मैत्रिणीनं तंबाखूचा चुरा अंथरायला सांगितला म्हणतेस. तिकडं ती जुनीच रीत आहे आणि निकोटीननं उवा मरतात हे खोटं नाही. पण बंद खोलीत ते निकोटीन कोंबडीच्या कातडीतून, चोचीतून आणि तुझ्या श्वासातूनही जाणार. उवा किती मेल्या ते मोजायला कोंबडी उरली पाहिजे. नको. त्यापेक्षा घमेल्यात दोन भाग बारीक कोरडी वाळू आणि एक भाग चुलीची चाळलेली राख घालून खोलीच्या कोपऱ्यात ठेव. त्यात त्या स्वतःच लोळतात. आलेल्या उवा त्यानं संपत नाहीत, पण नव्या कमी राहतात. राख लाकडाचीच हवी, प्लास्टिक जाळलेल्या चुलीची नको.

आता इंजेक्शनचं. दुकानदार 'आयव्हरमेक्टिन दे, उवा-जंत सगळं जातं' म्हणून गाईचं एक टक्क्याचं इंजेक्शन हातात देईल. हिशोब कर. प्रमाण किलोला ०.२ मिलिग्रॅम, आणि बाटलीत मिलीला १० मिलिग्रॅम. म्हणजे एक किलोच्या कोंबडीला ०.०२ मिली, इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजवरच्या एका रेघेपेक्षाही कमी. हात थोडा हलला की दुप्पट-चौपट गेलं. ते डॉक्टरांनाच पातळ करून देऊ दे.

शिटेतल्या लालसर रंगाचं. आधी रोजची शीट ओळखायला शीक, म्हणजे घाबरायला होणार नाही. पिंजऱ्याखाली जुनं वर्तमानपत्र घाल. चांगली शीट घट्ट, राखाडी-तपकिरी, वर पांढरा ठिपका. आठ-दहा शिटांत एखादी चिकट, चॉकलेटी आणि घाणेरड्या वासाची असते, ती आतड्याच्या आंधळ्या नळ्यांतून येते आणि निरोगीच आहे. ताजं रक्त, त्याबरोबर पंख पाडून, मान आत ओढून बसणं, दाण्याकडं पाठ, हे जमलं तर कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या एका सूक्ष्म परजीवीचा रोग. शिटेतून पडलेले त्याचे बीजाणू ओलसर उबेत एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. आपल्या पावसाळ्यात, बंद खोलीत, ओल्या तुसावर त्याला आणखी काय हवं?

औषध अँप्रोलियम, २० टक्क्यांची पावडर. लिटर पाण्यात १.२ ग्रॅम, पाच दिवस, त्यानंतर आठवडाभर ०.३ ग्रॅम. चिमटीनं घेऊ नकोस, सोनाराच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा मिळतो तो आण. चौघींना दिवसाला लिटरभर पाणी लागतं. रोज सकाळी ताजं कर आणि खोलीत दुसरं पाणी ठेवू नकोस, अगदी मोरीतलं डबकंही नको, नाहीतर त्या तेच पितील. या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नकोस. शेजारी चांगल्या मनानंच सांगतील, पण अँप्रोलियम काम करतं तेच मुळी बी-१ जीवनसत्त्वाचं सोंग घेऊन. परजीवी फसून ते घेतो आणि उपाशी मरतो. वरून खरं बी-१ ओतलंस की सोंग उघडं पडतं. जीवनसत्त्वं द्यायची ती कोर्स संपल्यावर. एखादी पाणीच पीत नसेल तर पाण्यातलं औषध तिच्या पोटात जातच नाही, तिला त्याच दिवशी दवाखान्यात ने.

जंत त्यानंतर. आधी ताजी शीट डबीत घालून दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघून घे. चौघींची थोडी थोडी एकत्र चालते. गोल जंतांना पिपराझिन पुरतं, पण शिटेत भाताच्या दाण्यासारखे चपटे तुकडे वळवळताना दिसले तर ते पट्टकृमी, त्यांच्यावर पिपराझिनचा काही उपयोग नाही. डॉक्टर बहुधा अल्बेंडाझोल देतील, किलोला १० ते २० मिलिग्रॅम. अडीच टक्क्यांच्या औषधात मिलीला २५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे एक किलोच्या तलंगेला २० मिलिग्रॅमनं ०.८ मिली. बाटली हलवून घे, औषध तळाला बसतं. पाण्यात मिसळलंस तर भांड्याच्याही तळाला बसेल.

पाजताना चूक होते ती इथं. जिभेच्या बुडाशी मधोमध एक उभी फट उघडझाप करते, ती श्वासनळी. लोक चोच उघडून वरून धार सोडतात, औषध सरळ फुप्फुसात जातं आणि कोंबडी हातातच जाते. चोच उघडू नकोस. सिरिंजचं टोक चोचीच्या कडेला लाव, एक थेंब सोड, तिनं गिळलं की दुसरा. ०.८ मिलीला दोन मिनिटं लागली तरी चालतील. पुन्हा डोस पंधराव्या दिवशी, कारण आतड्याच्या कातडीत शिरलेल्या बारक्या अळ्या पहिल्या वेळी वाचतात. तुझ्या तलंगा अजून अंड्यावर आलेल्या नाहीत, गावठीला साडेपाच-सहा महिने लागतात. औषधं आत्ताच उरकून घे. अंडी सुरू झाल्यावर द्यावी लागली तर दोन आठवड्यांची अंडी टाकून द्यायची, शेजारी वाटायची नाहीत.

शिंकणारीचं काय ते खोलीत वाकून बघ. कोंबडीच्या उंचीवर नाक नेलंस आणि चुरचुरलं तर तो अमोनिया. तूस दोन-तीन इंच, रोज उलटायचा, ओला भाग काढून टाकायचा. ओल्या तुसावरच चुना फेकायची सवय वाईट, त्यानं अमोनिया आणखी उठतो. आधी तूस काढ, फरशीला चुना लाव, वाळू दे, मग नवा तूस. डोळ्यात फेस, नाकातून पाणी, घरघर असेल तर ती साधी सर्दी नाही. अँटिबायोटिक लागेल, पण डॉक्टरांनी दिलेलं आणि पूर्ण कोर्स. तुझ्या सर्दीच्या गोळ्या नकोत.

मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, मात्र औषधच नाही. हिरवट-पांढरी हगवण, मान पिळवटणं, पाय लुळे पडणं दिसलं की बाकीच्या तिघी लगेच वेगळ्या. लस हाच उपाय, आणि ती निरोगी कोंबडीलाच. आजारीला टोचली तर लसच बाधते. तिच्या दोन लसी असतात, आधी लासोटा की थेट आर-टू-बी, ते डॉक्टर ठरवतील. दिलेली आहे असं विकणारा म्हणाला असेल, त्यावर जाऊ नकोस. लसीची कुपी पन्नास-शंभर कोंबड्यांची असते आणि फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून कुपी फोडायचा वार विचारून त्या दिवशी जा.

पायाचे खवले उचललेले, चुन्याचा थर बसल्यासारखे दिसले तर तोही माइटच. कोमट साबणपाण्यात दहा मिनिटं पाय भिजव, जुन्या ब्रशनं हळू चोळ, पुसून खोबरेल लाव. दोन-तीन दिवसांनी एकदा, महिनाभर. खपली ओढू नकोस, रॉकेल लावू नकोस. पाण्याची भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, आणि कोंबडीला हात लावला की साबण. एका दिवसात दोन-तीन पटापट मेल्या, तुरा निळा-जांभळा झाला, तर मेलेल्या नाल्यात टाकू नकोस, उघडून बघू नकोस, पशुसंगोपन खात्याला कळव.

सरकारी दवाखान्यात तुझं बाजारापुरतं कानडी अडणार. कोळी म्हणजे कोंबडी, आपला जाळं विणणारा कोळी नव्हे. उवा म्हणजे हेनु, जंत म्हणजे हुळ, रक्ताची हगवण रक्तभेदी. आणि "तूक एष्टू?" विचारतील ते वजन किती म्हणून, तेव्हा वही पुढं कर. लेबलं कानडीत असली तरी टक्के आणि मिली इंग्रजी आकड्यांत असतात, तेवढेच आपल्याला हवेत.

आता कॅलेंडरवर पेनानं लिही. अँप्रोलियम आजपासून पाच दिवस, मग हलका आठवडा. पावडर परवा आणि परवापासून दहाव्या दिवशी. अँप्रोलियम संपल्यावर दोन दिवसांनी जंताचं, पंधराव्या दिवशी पुन्हा. त्यानंतर आठवडा मध्ये सोडून लस. एका दिवशी दोन नवी औषधं सुरू करू नकोस, बिघडली तर कशानं ते कळणार नाही.

तुझे आप्पा

ता. क. शनिवारच्या सकाळच्या बसनं भातगिरणीतला तूस पाठवतोय, दोन पोती. या हवेत पोत्यात तो आतून गरम होतो आणि बुरशी धरतो. आल्या दिवशी अंथरू नकोस. जमिनीवर पातळ पसरून दोन दिवस पंख्याखाली ठेव, मुठीत दाबून बघ. गोळा झाला किंवा कुबट वास आला तर परत पोत्यात भर, झाडांच्या मुळाशी टाकू.